पान्हा आटवायचा नाही

“आटवू नको गा तिले! वासरू मेलं, गाय नाई मेली.”

आवाज माझ्या आजीचा, बायजाबाईचा. पारशिवनीच्या पुढं, जंगलाच्या कडेला माझं आजोळ. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेली, फ्रॉकच्या ओच्यात चिंचोके धरून गोठ्याच्या दाराशी उभी. आत चांदी नावाची आमची गाय. तिचं वासरू जन्मलं त्याच सकाळी गेलं होतं. रुपरावमामा म्हणत होता, चारा नाही, हिची सरकीची ढेप बंद करू, कास आपोआप आटन. आजी दारात आडवी उभी राहिली. मामा तिच्याहून हातभर उंच, पण त्या दिवशी मान खाली घातली ती त्यानंच.

आजीनं शेजारच्या बळीरामकाकाच्या घरचं एक वासरू आणलं. त्याची माय साप चावून मेली होती. त्याच्या पाठीवर तिनं गूळ आणि मीठ चोळलं आणि त्याला चांदीच्या तोंडापुढं उभं केलं. चांदीनं आधी लाथ झाडली. मग मान फिरवली. मग हळूच जीभ लावली, मिठासाठी. चाटता चाटता तिचं अंग सैल झालं आणि खाली कासेतून दूध आपसूक मातीत पडायला लागलं. आजी वासराचं तोंड सडाला लावत गुणगुणली. ओव्या ती रचत नसे. तिच्या म्हणण्याप्रमाणं त्या यायच्या, जशी शिंक येते तशा.

दूध मायच्या वटीचं, नाही कोन्या धन्याचं
ज्याच्या ओठाले लागलं, त्याच्या जलमभराचं

आजी गेली, चांदी गेली, गोठ्याच्या जागी मामानं पत्र्याचं गोदाम बांधलं. तो आवाज पुन्हा ऐकू आला तो या एप्रिलमध्ये, नागपुरात, महाल भागातल्या आमच्या घरी. मी पलंगावर पडलेली होते, आणि माझ्या छातीला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली होती.

मला आठवा महिना लागला होता. बीपी चढलं, झटके आले, सिझर करावं लागलं. तिसऱ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि पलंगाशेजारीही कोणी नव्हतं. मुलगी झाली होती. काचेच्या पेटीत दीड दिवस राहिली आणि गेली. ऋषिकेशनं, माझ्या नवऱ्यानं, तिला मातीत ठेवलं. मी तिचं तोंड पाहिलं नाही.

मी पहिला प्रश्न सासूबाईंना विचारला. “आई, ती पिली का काही?”

त्या खिडकीकडं पाहत म्हणाल्या, “नाई. थेंबभर बी नाई.” आणि मग माझ्या पायावर चादर ओढत, “बरंच झालं म्हण. अंगावर पिऊन गेलेलं लेकरू मायले ओढत राह्यते. हे आल्या वाटेनं गेलं. तू मोकळी झाली पोरी.”

मोकळी झालेल्या मला घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी पान्हा फुटला. अंगाला बातमी पोचलीच नव्हती. गल्लीत कोणाचं तरी लेकरू रडलं आणि माझा गाऊन पुढून भिजला. मी घाबरून हात दाबले, तर बोटांमधून धार. मग ताप आल्यासारखी छाती तापली, दगड झाली, काखेपर्यंत ठणका गेला.

सासूबाई तयारच होत्या. नाव यमुताई, अख्ख्या गल्लीत त्यांचा वचक. बाळंतपणातलं कोणालाही काही अडलं की बाया त्यांनाच विचारायच्या. त्यांनी बडकस चौकातून ओंजळभर मोगरा आणवला. फुलं दोन्हीकडं दाबून बसवली, वरून पट्टी बांधली. गाठ मारताना गुडघा पलंगाला टेकवला, पोतं बांधतात तसा. पाणी कमी. डाळ बंद. दूध बंद.

“मोगऱ्यानं दूध ओढून घेते,” त्या म्हणाल्या. “आठ दिवसांत सुकशील.”

सुकशील. कपडा आहे का मी?

दुखणं असह्य झालं की त्या पट्टी सोडून वाटीत थोडं पिळू द्यायच्या. ती वाटी मोरीत ओतायची नाही, मुंग्यांच्या तोंडी लागेल अशा जागी तर नाहीच. त्या स्वतः गॅलरीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायच्या, पदर डोक्यावर घेऊन. भर उन्हाळ्यात आमच्या कढीपत्त्याला पालवी फुटली. कूलरच्या वाऱ्यानं ती हलायची आणि मी पडल्या पडल्या तिच्याकडं पाहायचे. माझ्या दुधावर वाढणारं घरात तेवढंच.

खालच्या मजल्यावर भांड्यांचं दुकान आहे. तिथल्या इंदूबाई भेटायला आल्या. खुर्ची पार माझ्या नाकाशी ओढून बसल्या.

“बांधा वं यमुताई, घट्ट बांधा. माह्या जावेनं ढील देली होती, तं गाठी झाल्या. डॉक्टरनं चिरा देला.” मग माझ्याकडं वळून, “तू कायले रडतं? तरणीताठी हायेस. पुढच्या साली पाहाय, पाळणा हलन.”

“पाळणा म्हणजे काय कूलर हाये का काकू,” मी म्हटलं, “बटन दाबलं का चालू?”

इंदूबाईंनी सासूबाईंकडं पाहिलं. “जीभ तं काई सुकली नाई हिची,” त्या म्हणाल्या.

टाके दाखवायचे होते म्हणून सासूबाई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, ठीक आहे म्हणाल्या. सासूबाई औषधांच्या खिडकीसमोर रांगेत लागल्या आणि मला म्हणाल्या, त्या बाकावर बस. तो बाक नेमका काचेच्या पेट्यांच्या खोलीबाहेरचा होता.

बाकावर एक पोरगी बसली होती. माझ्याच वयाची, पायात वेगवेगळ्या चपला, मांडीवर स्टीलची रिकामी वाटी. ती रोशनी, नागपुरातल्याच इंदोऱ्याची.

“तुह्यं कोन्तं?” तिनं खोलीच्या काचेकडं हनुवटी उडवत विचारलं.

“माझं नाही. माझी होती.”

ती बाकावर सरकली आणि मला नीट टेकायला जागा करून दिली. मग स्वतःचं सांगायला लागली. “माह्या तिकडं, कोपऱ्यातला. मुठीएवढा हाये, पण रडते असा का सिस्टर बी दचकते. दूधच उतरून नाई राहिलं मले. पंपाले हात जोडून झाले. सिस्टर म्हणे टेन्शन नका घेऊ. आता टेन्शन काय मी बाजारातून आणून राहिली?”

आतून एक बारीक रडणं आलं. तिचाच मुलगा असावा, ती उठून काचेला चिकटली. आणि माझ्या पट्टीतून, मोगऱ्यातून, ब्लाऊजमधून ओल बाहेर आली. मी पदर ओढला, पण तिनं पाहिलं होतं.

“तुले येते?”

“येतं. आटवून राहिलेत.”

“आटवून?” तिनं रिकामी वाटी माझ्यासमोर धरली, जणू पुरावा दाखवावा. “काहून?”

काहून. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही कोणाला विचारला नव्हता.  कानात घुमत होता तो फक्त गोठ्याच्या दारातला आजीचा आवाज.

रोशनीनं वाट पाहिली नाही. “हिमानी मॅडम!” तिनं व्हरांड्यात हाक मारली. “अवो, इकडं या, लवकर!”

हिमानी तिथल्या दूधपेढीवर काम करणारी. तिनं मला समजावलं नाही, सरळ सांगितलं. ज्यांना जास्तीचं येतं त्या इथं देतात. ज्यांचं बाळ राहिलं नाही अशाही येतात. आम्ही रक्त तपासतो, दूध तापवून निर्धोक करतो, गोठवून ठेवतो, आणि ज्या आयांना उतरत नाही त्यांच्या बाळांना थेंब थेंब देतो. द्यायलाच पाहिजे असं नाही. आटवायचं असेल तर त्यालाही मदत करू, पण असं बांधून नाही, गाठी होतील. तिनं माझ्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मागितलं, आत जाऊन डॉक्टरांना दाखवून आणलं, चालेल म्हणाली. जाता जाता म्हणाली, “तुमचं ठरेल तसं. पण अजून चार-दोन दिवस असंच बांधलं तर ठरवायला काही उरणार नाही.”

तेवढ्यात सासूबाई औषधं घेऊन आल्या. शेवटचं त्यांनी ऐकलं होतं.

“काय देऊन राहिले इथं?” त्यांनी विचारलं. कोणीतरी उत्तर द्यायच्या आतच, “नाई. मुळीच नाई. गेलेल्या लेकराचं दूध जित्या लेकरायले? जीभ कशी रेटते तुमची?”

“मावशी,” रोशनी वाटी हलवत म्हणाली, “माह्या पोराले जितं-मेलं काई समजत नाई. त्याले भूक समजते.”

मला वाटलं आता सासूबाई तिला फाडून खातील. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग काचेकडं, आतल्या त्या एवढ्याशा लेकरांकडं. चेहरा एकदम राखेचा झाला.

“ते दूध चांगलं नाई,” त्या हळू म्हणाल्या. रोशनीलाच. “ऐक माह्यं. चांगलं नाई ते.”

त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणलं. 

घरी येईपर्यंत ऑटोत माझ्या डोक्यात रोशनीचं काहून फिरत राहिलं.

संध्याकाळी ऋषिकेश कळमेश्वरच्या कंपनीतून आला. बूट काढायला दाराशी बसला, तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तो लेस सोडतच राहिला, सुटलेली लेस पुन्हा सोडत.

“आई काही वाईटासाठी नाही म्हणत, मयू.”

“मी कुठं म्हणाले वाईटासाठी? विषय दुधाचा आहे, तुझ्या आईचा नाही.”

“थोडे दिवस जाऊ दे ना.”

“थोड्या दिवसांत आटेल, ऋषी.”

तो खाली पाहत म्हणाला, “दुसऱ्याच्या लेकराला गेलेलं पाहून तुला त्रास नाही होणार?”

“त्रास आताही होऊनच राहिला आहे. निदान कोणाचं पोट तरी भरेल.”

“मग आईला मी काय सांगू?”

“तू काही नको सांगू. मला सकाळी सोडून दे फक्त.”

“सकाळी पहिली पाळी आहे माझी.”

“मग ऑटो करीन.” मी आत वळले. पुन्हा थांबले. “लाडू कुठं आहेत?”

“कोणते?”

“माझे.”

आठवा लागताच सासूबाईंनी खारीक कुटली होती, मेथी तुपात भिजत घातली होती, डिंक तळून फुलवला होता. अख्ख्या गल्लीला वास गेला होता. मी डब्याला हात लावला की त्या फटका मारायच्या, “तुह्येच हायेत ते, पण बाळंतीण झाल्यावर.” दवाखान्यातून आले तर डबा दिसलाच नाही. ओट्यावरचा डबा वर माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं गेला होता.

ऋषिकेश उठला.  हात वर करून गाद्या सरकवल्या, डबा काढला आणि माझ्या हातात दिला. हात सोडायच्या आधी क्षणभर त्यानं डबा दोघांच्या मध्ये धरून ठेवला. मातीत ठेवताना तिच्याशी तो काय बोलला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्या क्षणी वाटलं, तो तेच सांगतोय. त्याला एवढंच सांगता येत होतं.

सकाळी तो कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि पट्टी मधोमध कापली. पिवळी पडलेली, मऊ झालेली मोगऱ्याची फुलं टपटप फरशीवर पडली. श्वास घेतला तर बरगड्या करकरल्या. मग मी ओट्याशी पाट टाकला, डबा उघडला आणि लाडू खायला बसले. मेथीचा कडसरपणा जिभेवर पसरला. मी दुसरा घेतला.

सासूबाई पूजेवरून उठून आल्या. फरशीवरची फुलं, कापलेलं लुगडं, माझ्या हातातला लाडू असं एकेक पाहत गेल्या.

“काय करून राहिली तू?”

“लाडू खाऊन राहिली.”

“ते बाळंतिणीचे हायेत.”

“म्हणूनच.”

“मयुरा...”

“मी बाळंतीण आहे, आई. माझं पोट कापलंय. माझं अंगावरून अजून जाऊन राहिलं. मी झटके येऊन मरता मरता वाचले. लेकरू नाही म्हणून माझं बाळंतपणही झालं नाही का? कोणी तेल लावलं नाही मला, शेकलं नाही, अळिवाची खीर नाही. जसं काही मी कुठंतरी चूक करून आले आणि आता गुपचूप धुऊन टाकायचं. मी काही धुऊन टाकणार नाही.”

आवाज चढला होता. खाली दुकानाचं शटर उघडता उघडता मध्येच थांबल्याचं मला ऐकू आलं. थांबू दे.

“हळू बोल. लोक ऐकून राहिले.”

“ऐकू द्या. कधी ना कधी कोणीतरी ऐकलंच पाहिजे.”

सासूबाईंनी खाली बसून फुलं वेचायला सुरुवात केली. एकच फूल पुन्हा पुन्हा उचलत होत्या. माझ्या मनात आलं, आता थांबावं. पण छातीतून धार लागली होती, दोन्हीकडून, कोणी न मागता. मी उठले, अंगाला टॉवेल गुंडाळला, साडी नेसले.

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“माह्या मढ्यावरून जाशील.”

“नाही आई. बाजूनं जाईन. दार रुंद आहे.”

आणि मी बाजूनंच गेले. टाके ओढत होते, एकेक पायरी भिंत धरून उतरले. खाली इंदूबाई दुकानाच्या दारात, हातात झाडू तसाच धरून.

“कुठं चालली वं एवढ्या सकाळी? अन् अशा अंगानं?”

“दूध द्यायला चालले, काकू.”

“कोनाले?”

“ज्याला भूक आहे त्याला. एखादा मोठा गंज द्या ना तुमच्या दुकानातला, लहान भांड्यात मावायचं नाही!”

समोरच्या पानवाल्यानं मान खाली घालून हसू दाबलं. इंदूबाईंनी झाडू कपाळाला लावला. लाज वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटली. आजीसारखं मला काही येत नाही, पण त्या गल्लीत, ऑटोची वाट पाहत, एक ओळ आपसूक आली, आणि मी ती गिळली नाही. इंदूबाईंच्या तोंडाकडं पाहतच म्हटली.

नका बांधू माझा ऊर, नका घालू त्याला गाठ
माझ्या अंगणाची नदी, तिची तिला ठाव वाट

“बाई, बाई!” इंदूबाई म्हणाल्या. “हिच्या डोक्यावर परिणाम झाला वं यमुताई!”

यमुताई माझ्या मागंच उभ्या होत्या. पदर खांद्यावर कसाही टाकलेला, हातात माझी पाण्याची बाटली. ऑटो थांबला तशा माझ्या आधी आत चढल्या.

“तुम्ही कशाला?”

“टाक्याच्या अंगानं एकटी जाशील काय? वर पाहाय, ऊन कसं हाये.” मग ऑटोवाल्याला, “खड्ड्यातून नको नेऊ गा. हळू चालव.”

“येताय तर अडवू नका मला.”

“तोंडाचा पट्टा बंद कर अन् पाणी पी.”

मी पाणी प्यायले. पुष्कळ दिवसांनी पोटभर. त्यांनी मला ते पिऊ दिलं, हे बाटली संपल्यावर माझ्या लक्षात आलं.

दूधपेढीची खोली लहान, गार. एक खुर्ची, पडदा, बारीक घरघरणारा पंप. हिमानीनं हात धुवायला लावले, रक्त घेतलं, कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल छातीवर ठेवला. रोशनी बाहेरच्या बाकावरून मान लांब करून पाहत होती. तिनं मला अंगठा दाखवला.

“तपासणी होईपर्यंत हे वेगळं ठेवू,” हिमानी म्हणाली. “पण आजपासून सुरू करू, म्हणजे आटायचं थांबेल.”

पंप लावला. काही आलं नाही. इतके दिवस गादी भिजवणारं, साडी भिजवणारं दूध ऐन वेळी कुठं दडून बसलं कोण जाणे. बाटलीच्या तळाशी दोन थेंब. मी घामाघूम झाले.

“होतं असं,” हिमानी म्हणाली. “घाई नको. आपण बोलत बसू. ताप वगैरे आला होता का? गाठ लागते कुठं? बाळानं किती वेळा घेतलं होतं दूध?”

“एकदाही नाही,” मी म्हटलं. “थेंबभरही नाही.”

सासूबाई दारातच होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नव्हत्या. त्यांनी चौकट धरली.

“घेतलं होतं,” त्या म्हणाल्या.

पंप घरघरत राहिला. हिमानीनं हात पुढं करून तो बंद केला.

“तू बेशुद्ध होतीस,” त्या माझ्याकडं न पाहता, त्या पंपाकडं पाहत बोलत होत्या. “सिस्टर आली. म्हणे मायचं पहिलं दूध काढून द्याल काय आजी, तिच्यासाठी लई चांगलं राह्यते. आमच्या घरात पहिलं दूध कोनी पाजलंच नाई. माह्या सासूनं माह्या दोन्ही खेपेले भिंतीवर पिळून टाकाले लावलं. जड राह्यते म्हणे, चिकट, लेकराचं पोट धरते. मी बी गल्लीतल्या पोरींले तेच सांगत आली, फेका म्हणून. अन् तुह्या लेकीच्या वक्ती... एवढीशी होती वं. सिस्टर म्हणे तं मी ‘नाई’ म्हणू नाई शकली. माह्या हातानं पिळलं मी. पिवळं धमक. दुपारी तिच्या पोटात गेलं अन् रातच्याले ती गेली.”

त्यांनी चौकट सोडली नाही. “माह्या हातानं गेली ती. अन् तू तेच दूध आता दुसऱ्याच्या लेकरायले देऊन राहिली. कसं सांगू तुले? कोन्या तोंडानं?”

हिमानी उठून त्यांच्याजवळ गेली. “मावशी, तिची फुप्फुसं तयार नव्हती. त्यानं गेली ती. दुधानं नाही. त्या दीड दिवसात तिला जे जे दिलं त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तुम्ही दिलीत.”

सासूबाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या हिमानीकडं पाहतच नव्हत्या. माझ्याकडं पाहत होत्या, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशा.

मला राग आला. आलाच. माझ्या लेकीनं माझं दूध घेतलं होतं आणि ते सोडून जगातलं सगळं मला सांगितलं गेलं होतं. फेका, बांधा, सुकवा, पुढच्या साली. कढीपत्त्याच्या कुंडीला जेवढं ठाऊक होतं तेवढंही मला ठाऊक नव्हतं. पण त्या रागाच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, गरम, दाटून, आणि त्याला मी अडवणार नव्हते. काखेत कळ उठली. बंद पंपाच्या बाटलीत दूध आपोआप पडायला लागलं.

“आई,” मी म्हटलं, “कशी पिली ते सांगा.”

“मयुरा, नको वं...”

“सांगा. माझी आहे ती. तिचं तोंड मी पाहिलं नाही, तुम्ही पाहिलं. सगळं सांगा.”

त्या आत आल्या. खुर्चीशी खाली बसल्या, फरशीवरच, एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवून.  बाटली भरत होती.

“पहिला थेंब ओघळून गेला तिचा,” त्या म्हणाल्या. “मग मी करंगळीले लावून ओठावर ठेवला. तं जीभ बाहेर आली. एवढीशी, गुलाबी. चाटलं तिनं. कपाळाले आठी घातली, जसं विचार करून राहिली का हे काय होय म्हणून. अन् मग माह्यी करंगळीच तोंडात धरली. पिली वं ती, पोरी. तुह्यं दूध पिली. सिस्टर बस म्हणे, तरी सोडे नाई.”